शब्दांना इंग्रजी, व्याकरणाला मराठी

सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे कित्येक वर्षांपासून राहत आहेत. ताप्ती खोऱ्यातून भुसावळ-जळगाव-नंदुरबारकडून सुरतेला येणाऱ्या रेल्वेने ही माणसे आली आणि यंत्रमागावर, डाइंगच्या गिरण्यांत कामाला लागली. त्यांच्या मुलांसाठी महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळाही आहेत. आता या घरांतल्या पुढच्या पिढीसमोर परकी भाषा शिकण्याचा प्रश्न येतो, तेव्हा फ्रेंचचे नाव हमखास निघते. कॅनडात स्थायिक होण्यासाठीच्या एक्स्प्रेस एन्ट्री पद्धतीत फ्रेंच येणाऱ्याला वाढीव गुण मिळतात आणि 2023 पासून फ्रेंच जाणणाऱ्यांची वेगळी निवडही होऊ लागली आहे. 2030 पर्यंत आपल्या देशातील भारतीय विद्यार्थ्यांची संख्या 30,000 वर नेण्याचे फ्रान्स सरकारचे जाहीर उद्दिष्ट आहे. ओढ आहे आणि कारणेही आहेत. पण वर्गात पाऊल ठेवताच या मुलांना एक अट भेटते, जी कुठेही लिहिलेली नसते. पुस्तक फ्रेंच समजावते ते इंग्रजीतून, मोबाइलवरचे अ‍ॅप समजावते ते इंग्रजीतून आणि शिक्षकही बहुधा इंग्रजीतूनच. त्यामुळे ज्याचे इंग्रजी पक्के त्यालाच फ्रेंच जमणार, असा समज घट्ट होतो आणि मराठी माध्यमातला मुलगा फ्रेंच ही आपल्यासाठी नाही असे ठरवून मागे फिरतो.

हा समज अर्धा खरा आहे. खऱ्या अर्ध्याचा पुरेपूर फायदा घ्यावा आणि खोटा अर्धा टाकून द्यावा, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे. फ्रेंच शब्दसंपत्तीसाठी इंग्रजीची मदत मोठी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण फ्रेंच वाक्याची घडण, लिंग-वचनांचा मेळ, सर्वनामांची जागा आणि उच्चार यांचा विचार केला, तर इंग्रजी भाषकाला जे अवघड जाते त्यातले बरेच काही मराठी भाषकाच्या तोंडी लहानपणापासून असते. ते आपल्याजवळ आहे हे त्याला कोणी सांगत नाही, म्हणून तेही तो इंग्रजी भाषकासारखा नव्याने आणि अडखळत शिकतो.

आधी इंग्रजीच्या बाजूचे पाहू. 1066 मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि पुढची दोन-तीन शतके तिथल्या दरबाराची, न्यायालयांची आणि सरदारांची भाषा फ्रेंच होती. त्या काळात आणि नंतरही फ्रेंच शब्दांचा इंग्रजीत एवढा भरणा झाला की आजच्या इंग्रजी कोशातला ढोबळमानाने एक तृतीयांश भाग फ्रेंचमार्गे आला असे अभ्यासक मानतात. नेशन, जस्टिस, गव्हर्नमेंट, क्वेश्चन, पोझिशन, इम्पॉर्टंट हे शब्द ज्याला ठाऊक आहेत, त्याला फ्रेंच वर्तमानपत्राचे पान पहिल्याच दिवशी पूर्ण परके वाटत नाही. उच्चार बदलतो, पण लिहिलेले रूप ओळखता येते. एक्झाम, ऑफिस, हॉस्पिटल, पोलीस असे शेकडो इंग्रजी शब्द मराठी बोलण्यातही रुळलेले असल्याने, इंग्रजी माध्यमात न शिकलेल्या मुलाकडेही या साठ्याचा बराच भाग असतो.

या मदतीला दोन मर्यादा आहेत. फ्रेंचमधून इंग्रजीत गेले ते मुख्यतः राज्यकारभाराचे, विद्येचे आणि शिष्टाचाराचे शब्द. रोजच्या जगण्यातले खाणे, पिणे, जाणे, येणे, पाणी, भाकरी, खिडकी यांसाठी इंग्रजीने आपले जुने जर्मानिक शब्द धरून ठेवले. म्हणजे फ्रेंचच्या अगदी पहिल्या पायरीवर, जिथे नवशिक्याला आधाराची सर्वांत जास्त गरज असते, तिथे इंग्रजीचा आधार सर्वांत तोकडा पडतो. तो खरा कामाला येतो तो लेख वाचण्याच्या आणि चर्चा करण्याच्या पातळीवर. दुसरी मर्यादा फसव्या शब्दांची. फ्रेंचमध्ये 'लिब्रेरी' म्हणजे पुस्तकांचे दुकान, ग्रंथालय नव्हे. 'आक्त्युएलमाँ' म्हणजे सध्या, 'अ‍ॅक्चुअली' नव्हे. 'रेस्ते' म्हणजे राहणे, विश्रांती घेणे नव्हे. 'पासे अँ एक्झामँ' म्हणजे परीक्षा देणे. पास झालो की नाही ते त्यातून कळत नाही. इंग्रजीवर विसंबणाऱ्याला हे शब्द ओळखीचे वाटतात, म्हणूनच तो ते तपासून पाहत नाही. ओळखीचा शब्दही वाक्यात बसवून पाहिल्याशिवाय खरा मानू नये, ही सवय इंग्रजीतून शिकणाऱ्याला मुद्दाम लावून घ्यावी लागते.

मधल्या भाषेच्या आधाराने तिसरी भाषा शिकण्याचा फायदा आणि धोका या दोन्हींचे एक मोठे उदाहरण सुरतेतच घडले आहे. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीने भारतातली आपली पहिली वखार 1668 मध्ये सुरतेत उघडली. त्यानंतर नव्वद वर्षांनी, 1758 च्या मे महिन्यात, आंकेतील द्युपेराँ हा पॅरिसचा सत्तावीस वर्षांच्या आतबाहेरचा तरुण या शहरात आला. ऑक्सफर्डमधल्या अवेस्ता या पारशी धर्मग्रंथाच्या एका हस्तलिखिताच्या काही पानांची नक्कल त्याने पॅरिसमध्ये पाहिली होती. ही लिपी आणि ही भाषा युरोपात कोणालाच वाचता येत नाही हे कळल्यावर तो ती शिकण्यासाठी थेट भारतात निघून आला. सुरतेतल्या पारशी धर्मगुरूंपैकी दस्तूर दाराब यांनी त्याला शिकवले. दाराब यांना फ्रेंच येत नव्हते आणि आंकेतीलला अवेस्ता. दोघांना जोडणारी भाषा होती फारसी. दाराब अवेस्तातल्या आणि पहलवीतल्या शब्दांचा अर्थ फारसीतून सांगत आणि आंकेतील तो फ्रेंचमध्ये उतरवून घेई. अशा रीतीने त्याने शब्दांच्या याद्या केल्या, वेंदिदाद या अवेस्ताच्या एका भागाचे भाषांतर केले आणि 1761 मध्ये तो सुरत सोडून निघाला. 1762 च्या मार्चमध्ये हस्तलिखितांचा मोठा संग्रह त्याने पॅरिसच्या राजग्रंथालयात जमा केला आणि 1771 मध्ये अवेस्ताचे पहिले युरोपीय भाषांतर छापले.

तीन वर्षांत एवढी मजल मारता आली ती फारसीच्या पुलामुळे. पण त्याच पुलाने त्याला घोटाळ्यातही टाकले. त्याच्यापर्यंत पोहोचला होता शब्दाचा परंपरेने सांगितलेला अर्थ. शब्दाला लागलेल्या प्रत्ययांचे, विभक्तींचे आणि क्रियापदाच्या रूपांचे नियम फारसीतून कळणे शक्य नव्हते, कारण फारसीने स्वतःच ती जुनी रूपे केव्हाच टाकून दिली होती. भाषांतर प्रसिद्ध होताच विल्यम जोन्स या तरुण इंग्रज विद्वानाने त्याच वर्षी, तेही फ्रेंचमध्ये, एक जळजळीत पत्र छापून या ग्रंथाची खिल्ली उडवली. अवेस्ता ही खरी प्राचीन भाषा आहे हे डेन्मार्कच्या रास्मुस रास्क यांनी 1826 मध्ये दाखवून दिले. तिचे व्याकरण उलगडले ते फ्रान्सच्या यूजेन ब्युर्नूफ यांनी 1833 मध्ये सुरू केलेल्या यस्ना या अवेस्ताच्या आणखी एका भागाच्या भाष्यात. ब्युर्नूफ यांनी वापरलेले साधन आंकेतीलनेच नेलेल्या संग्रहात होते. ते म्हणजे गुजरातेतल्या नेर्योसंग या पारशी पंडिताने शतकांपूर्वी केलेले यस्नाचे संस्कृत भाषांतर. संस्कृत आणि अवेस्ता या सख्ख्या बहिणी. एकीचे प्रत्यय दुसरीच्या प्रत्ययांशेजारी ठेवताच, फारसीतून धूसर दिसणारी रूपे स्पष्ट झाली.

या इतिहासातून आपल्या प्रश्नावर थेट प्रकाश पडतो. हाताशी असलेली मधली भाषा वेग देते, पण तिच्यात जे नाही ते ती दाखवू शकत नाही. रचनेचे कोडे सुटते ते जिची ठेवण लक्ष्य भाषेशी जुळते तिच्या मदतीने. आज सुरतेत फ्रेंच शिकणाऱ्या मराठी मुलासाठी फारसीच्या जागी इंग्रजी आहे. शब्द ती भरपूर पुरवते, पण नामांचे व्याकरणिक लिंग, विशेषणांचा नामाशी मेळ आणि आदरार्थी-एकेरीचा भेद तिने सोडून दिला आहे. मराठीने या सगळ्या गोष्टी जपल्या आहेत. नात्याने मराठी ही फ्रेंचची सख्खी बहीण नव्हे, दूरच्या शाखेतली नातलग आहे. सात आणि 'सेत', दात आणि 'दाँ' यांत ते दूरचे नाते अजून ऐकू येते. पण व्याकरणाच्या सवयींचा प्रश्न आला की फ्रेंचला ती पुष्कळदा इंग्रजीपेक्षा जवळची ठरते.

सुरुवात लिंगापासून करू, कारण इंग्रजी भाषकाची पहिली मोठी अडचण तीच. मेज स्त्रीलिंगी का आणि पुस्तक पुल्लिंगी का, हा प्रश्न त्याला छळतो. निर्जीव वस्तूला लिंग असणे ही कल्पनाच त्याला पचत नाही, आणि पचली तरी विशेषण लिंगाप्रमाणे बदलायला तो विसरतो. मराठी माणसाला हा प्रश्नच पडत नाही. मोठा दगड, मोठी भिंत, मोठे झाड म्हणताना तो क्षणभरही थांबत नाही. इतकेच नव्हे, इंग्रजीतून आलेल्या शब्दालाही लिंग लावल्याशिवाय तो वाक्यात घेत नाही. ती बस, तो ट्रक, ते टेबल. त्यामुळे फ्रेंचमध्ये पुल्लिंगी नामासाठी 'ग्राँ' आणि स्त्रीलिंगी नामासाठी 'ग्राँद' म्हणायचे, हे त्याला मोठा-मोठी इतकेच सरळ वाटायला हवे. उलट मराठीत तीन लिंगे आणि फ्रेंचमध्ये दोनच, म्हणजे त्याचे ओझे कमीच होते. पण पुस्तक हा नियम इंग्रजी वाचकाला समजावताना चार पाने खर्च करते, आणि ती चार पाने वाचून मराठी मुलालाही वाटू लागते की हे काहीतरी भलतेच कठीण प्रकरण आहे.

याहून ठळक पुरावा भूतकाळाचा आहे. फ्रेंचमध्ये जाणे, येणे, जन्मणे, मरणे अशा क्रियापदांच्या भूतकाळात धातुसाधित रूप कर्त्याच्या लिंग-वचनाप्रमाणे लिहावे लागते. तो आला आणि ती आली या दोन्हींसाठी 'वन्यू' असाच उच्चार होत असला, तरी 'ती' असताना लिहिताना शेवटी एक अक्षर वाढते. करणे, लिहिणे, पाहणे अशा सकर्मक क्रियापदांत मात्र ते रूप कर्त्याला सोडून कर्माकडे पाहते, पण कर्म आधी आले तरच. 'मी चिठ्ठी लिहिली' असे साधे वाक्य असेल तर रूप 'एक्री' राहते; 'मी लिहिलेली चिठ्ठी' अशा रचनेत चिठ्ठी पुढे आली की ते 'एक्रीत' होते, आणि हा फरक कानालाही कळतो. इंग्रजी भाषकांना हा नियम अत्यंत किचकट वाटतो. आता मराठी पाहा. तो आला, ती आली, ते आले: अकर्मक क्रियापद कर्त्यामागे जाते. त्याने निबंध लिहिला, त्याने चिठ्ठी लिहिली, त्याने चिठ्ठ्या लिहिल्या: सकर्मक क्रियापद कर्त्याला सोडून कर्मामागे जाते. दोन्ही भाषांत हे घडते त्याचे मूळ एकाच प्रकारचे आहे. लॅटिनमध्ये आणि संस्कृतात 'लिहिलेले', 'गेलेला' अशा अर्थाची विशेषणे होती, ती नामाशी जुळत, आणि पुढच्या काळात त्यांच्यापासूनच भूतकाळाची रूपे घडली. मराठीने हा मेळ बहुतांशी पाळला, फ्रेंचने काही ठिकाणी तो ढिला केला. मराठी मुलाला हा नियम शिकवताना 'तुमच्याकडे हे बहुतेक वेळा होते, फ्रेंचमध्ये कर्म आधी आल्यावरच होते' एवढे एक वाक्य पुरते.

छोट्या गोष्टींतही हीच तऱ्हा आहे. इंग्रजीत 'त्याचा' आणि 'तिचा' हा भेद मालकावरून ठरतो. फ्रेंचमध्ये तो वस्तूवरून ठरतो: भाऊ असेल तर 'सों फ्रेर', आई असेल तर 'सा मेर', मग ती कोणाचीही असो. इंग्रजीतून विचार करणारा इथे वर्षानुवर्षे चुकतो. मराठीत 'तिचा भाऊ', 'तिची आई' म्हणताना 'ति-' मालक दाखवते आणि '-चा', '-ची' वस्तू दाखवते. यातला दुसरा भाग तेवढा ठेवला की फ्रेंचची रीत मिळते. कोणाला 'त्यू' म्हणायचे आणि कोणाला 'वू', हा तू-तुम्हीचा भेद मराठी घरातल्या मुलाला शिकवावाच लागत नाही, आणि आदरार्थी 'वू'बरोबर क्रियापद अनेकवचनी येते हेही नाही. 'मी तुला ते देतो' हे वाक्य फ्रेंचमध्ये 'झ त ल दॉन' असे होते: मी, तुला, ते, देतो. क्रमही तोच. तृतीय पुरुषात हा क्रम थोडा उलटतो, पण सर्वनामे क्रियापदाच्या आधी येतात ही मूळ गोष्ट आपल्याला सहज आहे, इंग्रजीला नाही. 'मला ते आवडते' यात आवडणारी वस्तू कर्ता आणि माणूस चतुर्थीत असतो. फ्रेंचचे 'सा म प्ले' हुबेहूब याच घडणीचे आहे.

उच्चारांत तर इंग्रजीमार्गे जाण्याचे प्रत्यक्ष नुकसान होते. फ्रेंच त आणि द हे आपल्या त-द सारखेच दंत्य आहेत, आणि शब्दारंभीचे प, त, क हे श्वास न सोडता उच्चारले जातात. इंग्रजी भाषक तिथे हवा सोडतो आणि ती सवय मोडायला त्याला फार कष्ट पडतात. क आणि ख, प आणि फ, त आणि थ हे भेद बाळपणापासून पाळणाऱ्याला हे कष्ट नाहीत. पण मराठी मुलगा फ्रेंच शब्द इंग्रजी शब्द समजून वाचतो तेव्हा 'ताब्ल'च्या जागी 'टाब्ल' म्हणतो. स्वतःच्या तोंडात असलेला त टाकून तो उसना ट वापरतो. फ्रेंचमधला पुसट अ बोलताना गळतो, त्याचीही आपल्याला सवय आहे. 'बोलतो' लिहून आपण 'बोल्तो'च म्हणतो. फ्रेंचच्या खास नाकातल्या स्वरांसाठी सुरतेच्या मराठी माणसाला शेजारची गुजराती मदत करते. 'हुं', 'शुं', 'क्यां' हे शब्द तो दिवसभर ऐकतो आणि बोलतो. हे फ्रेंचचे नेमके स्वर नव्हेत, पण स्वर नाकातून कसा सोडायचा हे त्याच्या जिभेला आणि टाळूला माहीत असते. दोन-तीन ध्वनी मात्र खरोखर नवे आहेत: ओठांचा चंबू करून म्हटलेली ई आणि घशातून येणारा र. ते सर्वांनाच कष्टाने शिकावे लागतात. आणि न्यायाने सांगायचे तर 'झ' या पहिल्याच सर्वनामातला ध्वनी इंग्रजी 'व्हिजन'मध्ये आहे, मराठीत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की मराठीही फसवतेच. हे खरे आहे. आपला चंद्र पुल्लिंगी, फ्रेंच 'ल्यून' स्त्रीलिंगी. आपले टेबल नपुंसकलिंगी, त्यांचे 'ताब्ल' स्त्रीलिंगी. आपले पुस्तक नपुंसकलिंगी, त्यांचे 'लिव्र' पुल्लिंगी. म्हणून मराठी लिंग फ्रेंच नामाला लावणे चूकच. मराठीकडून घ्यायची आहे ती लिंग पाळण्याची सवय. कोणत्या नामाचे लिंग कोणते, ते मात्र प्रत्येक नामाबरोबर 'ल' की 'ला' हे पाठ करूनच शिकावे लागते. मराठीत क्रियापद शेवटी येते, फ्रेंचमध्ये कर्त्यानंतर. इथे इंग्रजीचा क्रम उपयोगी. मराठीत उपपदे नाहीत, फ्रेंचमध्ये ती पावलोपावली आहेत. इथेही इंग्रजीची थोडी मदत होते. पाणी, भाकरी अशा न मोजता येणाऱ्या पदार्थांआधी फ्रेंचमध्ये येणारे 'थोडेसे' अशा अर्थाचे उपपद तर दोघींकडेही नाही. मुद्दा एका भाषेला हाकलून दुसरीला गादीवर बसवण्याचा नाही. कोणते काम कोणाकडे सोपवायचे याची नीट वाटणी करण्याचा आहे, आणि सध्या सगळे काम एकट्या इंग्रजीवर टाकले जाते.

दुसरा आक्षेप शिक्षणशास्त्राचा. परकी भाषा त्याच भाषेतून शिकवावी, मध्ये दुसरी कुठलीही भाषा आणू नये, असे मानणारी थेट पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून युरोपात रुजली, आणि कान व जीभ तयार करण्यासाठी ती उत्तम आहे यात शंका नाही. मात्र मोठ्या वयात शिकणाऱ्याचे मन गप्प बसत नाही. ऐकलेले प्रत्येक वाक्य ते ओळखीच्या कशाशी तरी ताडून पाहतेच. शिक्षकाने तुलना टाळली, तरी विद्यार्थी ती मनातल्या मनात करतो, आणि फ्रेंचच्या वर्गात शिरताना तो इंग्रजीच्या चौकटीतच शिरलेला असल्याने ती तुलना इंग्रजीशी होते. तुलना होणारच असेल तर ती जवळच्या रचनेशी व्हावी. शिवाय आपल्याकडच्या वर्गांत व्याकरणाचा नियम अडला की समजावणी इंग्रजीतून दिलीच जाते. तिथे दोन मिनिटे मराठी उदाहरण दिल्याने थेट पद्धतीचा भंग होत असेल, तर तो इंग्रजीने आधीच झालेला आहे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आणि सर्वांत वजनदार. सुरतेच्या वर्गात गुजराती, हिंदी, मराठी, उडिया, तेलुगू अशी सगळ्या भाषांची मुले एकत्र बसतात. शिक्षक प्रत्येकाची भाषा कुठून आणणार? म्हणून तर इंग्रजी. पण वर सांगितलेल्या गोष्टी एकट्या मराठीच्या नाहीत. गुजरातीत तीन लिंगे आहेत, हिंदीत दोन. भूतकाळात कर्मामागे जाणारे क्रियापद दोघींत आहे. आदरार्थी सर्वनाम, दंत्य त-द, श्वासाचा भेद सगळीकडे आहे. उडिया आणि तेलुगूची व्याकरणे वेगळी, पण आदराची रीत आणि हे ध्वनी त्यांच्याकडेही आहेत. शिक्षकाने सर्व भाषा शिकण्याची गरज नाही. 'हे तुमच्या भाषेत कसे म्हणता?' हा प्रश्न वर्गाला विचारणे पुरेसे आहे. उत्तर मुले देतील. परीक्षेचाही अडसर नाही. डेल्फ या फ्रेंच प्रमाणपत्राच्या किंवा कॅनडासाठीच्या परीक्षांत उत्तरे फ्रेंचमध्येच द्यायची असतात, ती कोणत्या भाषेच्या आधाराने शिकलात हे कोणी तपासत नाही.

चौथा प्रश्न प्रामाणिक आहे: एवढा खटाटोप फ्रेंचसाठीच का? सुरतेत याचे एक घाईचे उत्तर ऐकू येते, हिऱ्यांचे. अँटवर्प बेल्जियममध्ये आहे म्हणून हिऱ्याच्या धंद्याला फ्रेंच लागते, असे. पण अँटवर्प फ्लँडर्स या डच भाषक भागात आहे. तिथल्या रोजच्या कारभाराची भाषा डच. नोकरी, शिक्षण, स्थलांतर ही कारणे खरी असली तरी ती प्रत्येकाने आपल्यापुरती तपासून घ्यावीत. मराठी माणसासाठी आणखी एक कारण आहे, ज्याचा विचार फारसा होत नाही. शिवाजी महाराजांच्या काळातल्या सुरतेचे आणि स्वराज्याचे डोळस वर्णन करणाऱ्यांत फ्रेंच प्रवासी पुष्कळ आहेत. बर्निए, 1666 मध्ये सुरतेत उतरलेला तेव्हनो, आबे कारे, आणि ज्यांच्या आठवणींत दक्षिणेतल्या मराठी हालचाली येतात ते पाँडिचेरीचे फ्रान्स्वा मार्तँ, या सर्वांनी लिहिले ते फ्रेंचमध्ये. मराठी भाषेच्या घडणीचा पहिला मोठा शास्त्रीय ग्रंथ झ्यूल ब्लोक यांनी लिहिला आणि तो 1920 मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झाला, वा. गो. परांजपे यांनी तो मराठीत आणला. आपल्याविषयी लिहिलेले हे सारे बहुतेकांना इंग्रजी भाषांतरांतून वाचावे लागते. फ्रेंच जाणणारे मराठी वाचक वाढले, तर आपला इतिहास तिसऱ्या हाताने घेण्याची वेळ कमी येईल.

मग करायचे काय? विद्यार्थ्याच्या वहीतून सुरुवात होऊ शकते. फ्रेंच शब्दापुढे इंग्रजी जुळणारा शब्द जरूर लिहावा, आणि तो फसवा असेल तर खूण करून ठेवावी. पण नियमापुढे मराठी वाक्य लिहावे. भूतकाळाच्या मेळापुढे 'चिठ्ठी लिहिली', सर्वनामांच्या क्रमापुढे 'मी तुला ते देतो', षष्ठीच्या विशेषणापुढे 'तिचा भाऊ, तिची आई'. उच्चार रोमन अक्षरांत न लिहिता देवनागरीत लिहावा, म्हणजे त आणि ट यांची गल्लत होणार नाही. जो ध्वनी देवनागरीत बसत नाही तो ऐकूनच घ्यावा. नामाचे लिंग मात्र मराठीवरून कधीही ठरवू नये. वहीनंतरचे काम एकट्या विद्यार्थ्याचे नाही. मराठीतून आणि गुजरातीतून फ्रेंच व्याकरण समजावणारी छोटी, नेमकी पुस्तके विद्यापीठांच्या भाषाविभागांनी तयार करावीत. जिथे परकी भाषा शिकवली जाते तिथल्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात भारतीय भाषांशी तुलना करण्याचा एक भाग असावा. हे खर्चाचे काम नाही, फक्त दृष्टी बदलण्याचे आहे.

या सगळ्यात सर्वांत जास्त हित आहे ते मराठी माध्यमातल्या मुलाचे. इंग्रजी सुधारल्याशिवाय पुढची कुठलीच भाषा नाही, हे त्याला सांगणे चुकीचे आहे आणि अन्यायाचेही. त्याला इंग्रजी शब्दांचा साठा वाढवावा लागेल, हे खरे. पण लिंग-वचनाचा मेळ, सर्वनामांची जागा, आदराचा भेद, दंत्य ध्वनी हे भांडवल घेऊनच तो वर्गात येतो, आणि त्यातले बरेचसे अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्याकडे नसते. फ्रेंचच्या वर्गात नाव घालताना इंग्रजी कसे आहे हे विचारले जाते. त्याच्या जोडीला मातृभाषा किती पक्की आहे हेही विचारले जावे. ज्याची पक्की असेल त्याला पहिल्याच दिवशी सांगावे, की या भाषेच्या व्याकरणाचा मोठा भाग तुला आधीपासून येतो. हे उत्तेजनासाठी बोललेले गोड वाक्य नाही, दोन्ही व्याकरणे शेजारी ठेवून पाहिल्यावर दिसणारी वस्तुस्थिती आहे.